माझगावच्या विहिरीवरचे इंजिन

गेल्या हिवाळ्यात खामगावात माझ्या परसातल्या पत्र्याच्या शेडमध्ये एक लहानसे वाफेचे इंजिन बांधून पुरे झाले, पण चालेना. उभा सिलिंडर, आतला व्यास २० मिलिमीटर, दट्ट्याची धाव तेवढीच. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची हवा दिली की फ्लायव्हील भिंगरीसारखे फिरे. वाफ सोडली की पाच-सहा फेरे घेऊन अडे, आणि बाहेर जाणाऱ्या नळीतून वाफेऐवजी गरम पाण्याच्या पिचकाऱ्या उडत. आधी मी दोष हाताला दिला. स्लाइड व्हॉल्व्ह पुन्हा काचेवर घासून सपाट केला, दट्ट्याचे पॅकिंग दोनदा बदलले. काही फरक पडला नाही.

दोष आकारात होता. मोठ्या इंजिनाची सगळी मापे बाराव्या हिश्श्यावर आणली, तर सिलिंडरच्या आतला पृष्ठभाग १४४ पटींनी कमी होतो, पण आत मावणारी वाफ १,७२८ पटींनी कमी होते. म्हणजे वाफेच्या प्रत्येक घोटामागे थंड धातूचा स्पर्श बारा पट वाढला. वाफ सिलिंडरमध्ये शिरते आणि काम करण्याआधीच भिंतीवर पाणी होऊन बसते. वाफेची जागा पाण्याहून सोळाशे-सतराशे पट असते. ते पाणी झाले की दट्ट्याला ढकलायला मागे उरते काय? घरच्या लेथवर इंजिन करणाऱ्या बहुतेकांना हा अनुभव एकदा येतोच.

जेम्स वॅटलाही तो असाच आला होता. १७६३-६४ च्या हिवाळ्यात ग्लासगो विद्यापीठाने त्याच्याकडे न्यूकोमेनच्या इंजिनाची एक प्रतिकृती दुरुस्तीला दिली. सिलिंडर दोन इंच व्यासाचा, धाव सहा इंचांची. ती काही फेरे मारून थांबत असे. खाणींतली मोठी न्यूकोमेन इंजिने तेव्हा पन्नास वर्षे पाणी उपसत होती. कोळसा वारेमाप खात, पण चालत. त्यामुळे वाफ कुठे वाया जाते हे शोधण्याची गरज फारशी कुणाला भासली नव्हती. लहान प्रतिकृतीत तो अपव्यय इतका वाढला की यंत्रच थांबले, आणि वॅटला कारण शोधावे लागले. प्रत्येक फेऱ्याला सिलिंडर तापवायचा आणि पुन्हा थंड करायचा, हीच नासाडी. १७६५ मध्ये त्याला वाफ वेगळ्या भांड्यात थंड करण्याची युक्ती सुचली. पुढचा इतिहास शाळेच्या पुस्तकात आहे. चहाच्या किटलीची गोष्टही त्याच पुस्तकात असते. तिच्याऐवजी ही प्रतिकृती असती तर बरे झाले असते.

हे सारे मनात घोळत असताना मी अर्देशीर कर्सेटजी वाडियांकडे पुन्हा वळलो. त्यांच्याविषयी आपण वाचतो ते एका ओळीत मावते: लंडनच्या रॉयल सोसायटीचे पहिले भारतीय फेलो, निवड २७ मे १८४१. त्यानंतरचे भारतीय फेलो श्रीनिवास रामानुजन. त्यांची निवड १९१८ सालची, म्हणजे मध्ये ७७ वर्षे गेली. हा मान इतका मोठा की त्याच्यामागचे काम दिसेनासे होते. काम सांगायची वेळ आली तर ‘इंडस’ नावाच्या ६० टनी आगबोटीचा उल्लेख होतो. माझ्या मते सुरुवात तिच्याआधीच्या एका लहान वस्तूपासून करायला हवी. ती म्हणजे त्यांनी स्वतः घडवलेले, विहिरीचे पाणी उपसणारे एका अश्वशक्तीचे इंजिन.

अर्देशीरांचा जन्म १८०८ चा. घराणे मुंबईच्या गोदीतल्या जहाजबांधणीचे. मूळपुरुष लवजी नसरवानजी सुरतेहून १७३६ मध्ये मुंबईला आले, आणि पुढे पिढ्यानुपिढ्या गोदीचे मुख्य बांधकामदार याच घराण्यातले झाले. मलबारी सागवानाची त्यांची जहाजे इंग्लंडच्या आरमारात होती. १८१७ मध्ये मुंबईत बांधलेले ‘ट्रिंकोमाली’ आज इंग्लंडमध्ये हार्टलपूलला पाण्यावर उभे आहे. लाकडाची विद्या या घरात पूर्ण मुरली होती. पण अर्देशीर १८२२ मध्ये वडिलांच्या हाताखाली गोदीत रुजू झाले, आणि त्यानंतर काही वर्षांतच या विद्येच्या दारात नवे संकट उभे राहिले. १८२९ मध्ये याच गोदीत ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट बांधली गेली. १८३० च्या मार्चमध्ये ती मुंबईहून सुएझला निघाली. सांगाडा इथला, इंजिने विलायतेची. पुढे जहाजाचे मर्म त्या इंजिनात असणार होते, आणि ते उघडून पाहण्याची विद्या सुतारकामाच्या घराण्याजवळ नव्हती.

(आपल्या भाषेने या यंत्राला वाफेचे नाव दिले नाही, हेही जाता जाता नोंदवतो. आगबोट, आगगाडी. इंग्रजीत वाफ पुढे आली, मराठीला आग दिसली. भट्टीपाशी उभे राहिलेल्या माणसाने ठेवलेले नाव असावे, असे मला वाटते.)

तरुण अर्देशीरांना वाफेचे वेड लागले. इंजिन विकत आणण्याची ऐपत घरात होती, आणि ‘इंडस’साठी त्यांनी पुढे दहा अश्वशक्तीचे इंजिन विलायतेहून मागवलेही. पण आधी केले ते घरचे इंजिन.

हे काम त्या काळी काय होते, हे आज शेडमध्ये उभे राहून थोडेफार कळते. मला पाच मिलिमीटरचा आटा पाडायचा तर मी हार्डवेअरच्या दुकानातून टॅप आणतो. बोल्ट अकोल्याचा, नट जळगावचा, तरी बसतात. व्हिटवर्थने स्क्रूच्या आट्यांचे एक प्रमाण सुचवले ते १८४१ मध्ये. त्याआधी सहसा ज्या कारखान्याचा बोल्ट त्याचाच नट चाले, आणि जोड्या चुकू नयेत म्हणून खुणा करून ठेवाव्या लागत. त्या काळच्या सिलिंडरचे भोक आजच्यासारखे आरशागत नसे. दट्ट्याभोवती चरबीत भिजवलेली तागाची दोरी घट्ट गुंडाळून ती फट भरत. वाफेचे सांधे शेंदूर आणि जवसाच्या तेलाच्या लुकणाने बंद करत. ही गोष्ट मला फार जवळची वाटते, कारण जवस आमच्या वऱ्हाडातले पीक आहे आणि शेंदूर प्रत्येक मारुतीच्या पारावर. हेच लुकण मी सांध्यांना लावून पाहिले. सुकायला वेळ घेते, पण गळत नाही.

एक अश्वशक्ती म्हणजे किती? वॅटच्या हिशेबाने मिनिटाला ३३,००० पौंड वजन एक फूट उचलणे. तीस फूट खोल विहीर धरली तर मिनिटाला ११०० पौंड, म्हणजे सुमारे ५०० लिटर पाणी. हा कागदावरचा आकडा. घर्षण, गळती आणि पंपाची तूट वजा केल्यावर त्याच्या निम्मेही हाती आले, तरी मोटेच्या बैलांना ते जड गेले असते. म्हणजे हे शोभेचे खेळणे नव्हते. पण गोदीतल्या मोठ्या इंजिनांच्या मानाने ते लहानच होते, आणि लहान इंजिन दोष लपवत नाही. गळणारा सांधा, थंड सिलिंडर, चुकलेला व्हॉल्व्ह, यांतले एकही त्याला पेलत नाही. ज्याने ते चालते केले, तो मोठ्या इंजिनाच्या पोटात काय चालते हे ओळखतो. ‘इंडस’ १८३३ ची. तिच्यात विलायती इंजिन बसवायला अर्देशीर गेले ते या तयारीने.

त्यांनी माझगावच्या घरी लहानशी ओतशाळाही थाटली होती. १८३४ मध्ये त्याच घरात आणि बागेत गॅसचे दिवे लागले, आणि ते पाहायला मार्चमध्ये गव्हर्नर लॉर्ड क्लेअर आले. मुंबईच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे यायला अजून तीस वर्षे होती. इथे विल्यम मर्डॉकची आठवण होते. वॅट आणि बोल्टनच्या या नोकराने रेडरूथला १७८४ मध्ये वाफेवर धावणाऱ्या गाडीची प्रतिकृती केली आणि १७९२ मध्ये स्वतःचे घर गॅसने उजळले. दोघांच्या कामाचा क्रम सारखा आहे, यात मला नवल वाटत नाही. भट्टी, बंद भांडे, नळ्या आणि न गळणारे सांधे, ही सामग्री दोन्ही कामांना एकच लागते. ज्याच्या घरी एक झाले, त्याच्या घरी दुसरे होऊ शकते.

१८३९ मध्ये अर्देशीर इंग्लंडला गेले. त्या प्रवासाची रोजनिशी १८४० मध्ये लंडनला छापली गेली. १८४१ मध्ये ते मुंबईच्या सरकारी स्टीम फॅक्टरीचे मुख्य अभियंता झाले आणि युरोपियन कारागीर त्यांच्या हाताखाली आले. नेटिव्ह माणसाला एवढी जबाबदारी पेलेल का, अशी शंका मुंबईच्या इंग्रजी पत्रात छापून आली. १८५७ मध्ये निवृत्त होईपर्यंत ते या खात्यात राहिले. पण घरचा कारखाना सुटला नव्हता. १८५१ मध्ये ‘लवजी फॅमिली’ नावाची आगबोट पाण्यात उतरली. तिचे सुटे भाग त्यांच्या घरी तयार झाले होते. ‘इंडस’पासून इथवर अठरा वर्षे गेली. ‘इंडस’चे इंजिन बाहेरून आले होते, हिचे घरच्या भट्टीतून निघाले. चरित्र लिहिणाऱ्यांनी या दोन बोटी शेजारी ठेवून पाहाव्यात. फेलोशिपचा मान मधल्या काळातला आहे, पण विद्या घरात आली ती या दोन बोटींच्या दरम्यान.

माझे गाव या कहाणीत उशिरा येते. जलंबहून खामगावला येणारा सुमारे तेरा किलोमीटरचा रेल्वेचा फाटा १८७० मध्ये सुरू झाला. उद्घाटनाला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः आले, कारण कापूस. खामगाव तेव्हा अकोला जिल्ह्यात होते, बुलढाण्यात आले ते १९०५ मध्ये. फाट्याने गाठी मुंबईला नेल्या आणि येताना बॉयलर, इंजिने, प्रेस आणले. जिनांची धुराडी उभी राहिली. ही इंजिने इथे कुणी घडवली नाहीत, पण चालवली आणि दुरुस्त केली ती इथल्याच माणसांनी. त्यांनी रोजनिशी लिहिली नाही. त्यांची विद्या कुठे गेली म्हणाल तर थोडीशी माझ्या शेडमध्ये आली, ती अशी.

इंजिन अडले तेव्हा मी ते गल्लीतल्या एका म्हाताऱ्या काकांना दाखवले. तरुणपणी ते जिनात बॉयलरवर कोळसा टाकत. त्यांनी फ्लायव्हील बोटाने फिरवून पाहिले, सिलिंडरला हात लावला आणि म्हणाले, “भाऊ, थंड्या इंजिनाले एकदम वाफ देऊ नोको. पयले तापू दे त्याले. खालचा नळ उघडा ठेव, पानी थुंकू दे.” मग इकडेतिकडे पाहून विचारले, “नळ कुठी आहे?”

नळ नव्हता. पुस्तकातल्या नकाशात तो होता, पण इतक्या लहान इंजिनाला कशाला म्हणून मी गाळला होता. पुढच्या आठवड्यात सिलिंडरच्या तळाला दीड मिलिमीटरचे भोक पाडून पितळी नळ बसवला. सिलिंडरभोवती लोकरीचा तुकडा आणि त्यावर सागवानाच्या पातळ पट्ट्या बांधल्या. जुन्या इंजिनांवरही असेच लाकडी कवच असे. वाफ सोडली, नळातून पाणी फसफसत बाहेर आले, मग कोरडी वाफ येऊ लागली. नळ बंद केला. बॉयलरमधले पाणी संपत येईपर्यंत, साधारण अकरा मिनिटे, इंजिन फिरले. काका तेवढा वेळ उभेच होते. शेवटी एवढेच म्हणाले, की तेल कमी पडते आहे.