गुणसूत्रे, रक्ताचा कर्करोग आणि परळची प्रयोगशाळा



सुरतेच्या माणसाला हिऱ्याची किंमत समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. म्हणून आजच्या विषयाचा आरंभ एका हिऱ्यापासूनच करतो.

जमशेटजी टाटांचे घराणे मूळ नवसारीचे, म्हणजे आपल्या अगदी शेजारचे. त्यांचे थोरले चिरंजीव दोराबजी यांनी आपल्या पत्नीसाठी, मेहेरबाईंसाठी, ‘ज्युबिली’ नावाचा २४५ कॅरटचा हिरा घेतला होता; वजनाने तो आजच्या कोहिनूरच्या दुपटीहून अधिक. १९२४ साली पोलादाचा कारखाना अडचणीत आला तेव्हा हा हिराही तारण ठेवला गेला, ही हकीकत आपल्यापैकी अनेकांनी ऐकली असेल. तिचा उत्तरार्ध मात्र फारसा सांगितला जात नाही. १९३१ साली मेहेरबाई रक्ताच्या कर्करोगाने, म्हणजे ल्युकेमियाने, वारल्या. गाठीच्या स्वरूपातील काही कर्करोगांवर तेव्हा शस्त्रक्रिया आणि रेडियम हे उपाय होते; पण सर्व शरीरभर वाहणाऱ्या रक्तातच बिघाड झाला तर कापायचे काय आणि जाळायचे काय? पैशाला तोटा नसलेल्या त्या घरालाही याचे उत्तर विकत घेता आले नाही. दोराबजींनी १९३२ साली पत्नीच्या स्मरणार्थ निधी स्थापन केला, तो जगात कोठेही ल्युकेमियाचे संशोधन करणाऱ्यांसाठी. त्याच वर्षी तेही निवर्तले. पुढे तो हिरा विकला गेला, रक्कम दोराबजींच्या विश्वस्त निधीत जमा झाली, आणि त्या निधीतून २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळ येथे टाटा स्मारक रुग्णालय उघडले. खानदेशातून पोटासाठी उधना-लिंबायतेस आलेल्या कुटुंबांपासून येथल्या पेढीवाल्यांपर्यंत सर्वांना ‘टाटा’ या दोन अक्षरांचा जो अर्थ ठाऊक आहे, त्याचे मूळ असे एका रक्ताच्या कर्करोगात आहे.

या रुग्णालयाच्या प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे आली. रोग बरा करण्याइतकेच तो का होतो हे पाहणे महत्त्वाचे, अशी त्यांची धारणा. धोतराच्या घट्ट गाठीने कमरेवर सतत घर्षण होऊन उद्भवणाऱ्या कर्करोगाचे वर्णन त्यांनी १९४५ साली सहकाऱ्यासह प्रसिद्ध केले. आपल्या लोकांचा रोग आपल्या लोकांच्या राहणीत शोधायचा, ही त्यांची दृष्टी. मुंबईतील निरनिराळ्या जातींच्या आनुवंशिक लक्षणांची मोजदादही त्यांनी डॉ. सांघवी यांच्यासमवेत त्याच दशकात हाती घेतली होती.

त्यांच्या हाताखाली आलेल्या कमल रणदिवे या पूर्वाश्रमीच्या कमल समर्थ. जन्म १९१७ साली पुण्याचा, शिक्षण हुजूरपागेत आणि फर्ग्युसन महाविद्यालयात. वडील जीवशास्त्राचे प्राध्यापक. मुलीने डॉक्टर व्हावे अशी त्यांची इच्छा होती. मुलीने वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र धरले, आणि १९४३ साली पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून एम. एस्सी. केले. तिचा प्रबंधाचा विषय होता सीताफळाच्या कुळातील वनस्पतींची गुणसूत्रे! सासवडकडे टोपलीभर मिळणाऱ्या फळाचा कर्करोगाशी काय संबंध, असे कोणी त्या वेळी विचारले असते तर तो प्रश्न गैर ठरला नसता. पण सूक्ष्मदर्शकाखाली पेशी पिळून, रंगवून, आतील धाग्यांची गणती करण्याची जी सवय तेथे हाताला लागते, ती पुढे वाया जात नाही. १९४९ साली त्यांनी खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली मुंबई विद्यापीठाची पीएच. डी. मिळवली, आणि नंतर अमेरिकेत बाल्टिमोर येथे जॉर्ज गे यांच्या प्रयोगशाळेत त्या ऊतिसंवर्धन शिकल्या. शरीराबाहेर, काचेच्या भांड्यात मानवी पेशी जिवंत ठेवून वाढवण्याची ती विद्या. याच प्रयोगशाळेत १९५१ साली हेन्रिएटा लॅक्स या गरीब कृष्णवर्णीय स्त्रीच्या गाठीतील पेशी वाढल्या आणि जगभर गेल्या. तिला वा तिच्या घरच्यांना कोणी विचारले नव्हते; विज्ञानाच्या इतिहासात हाही हिशेब मांडलाच पाहिजे. परत आल्यावर कमलताईंनी मुंबईत ऊतिसंवर्धनाची देशातील पहिली प्रयोगशाळा उभी केली. १९५२ साली परळला भारतीय कर्करोग संशोधन केंद्र सुरू झाले. पेशीविज्ञान, कर्कजनन आणि रोगप्रतिकारशास्त्र यांचे विभाग त्यांनी तेथे वाढवले. १९८२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले.

ऊतिसंवर्धनाचे महत्त्व एका साध्या आकड्यावरून कळते. कमलताई सीताफळाची गुणसूत्रे मोजीत होत्या तेव्हा माणसाच्या पेशीत ४८ गुणसूत्रे असतात असे पाठ्यपुस्तके बिनदिक्कत सांगत होती. ती ४६ आहेत हे त्यो आणि लेवान यांनी १९५६ साली दाखवले, तेही संवर्धित पेशींवरून. निरोगी माणसाचीच बेरीज चुकत असता रोग्याची वजाबाकी कशी जमणार? कर्करोगाचे मूळ गुणसूत्रांच्या बिघाडात असावे असे जर्मन शास्त्रज्ञ थिओडोर बोव्हेरी यांनी १९१४ सालीच लिहून ठेवले होते. पण ते तपासण्याचे साधन हाती येण्यास चार दशके लागली.

साधन आले ते काहीसे अपघाताने. अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे पीटर नॉवेल यांनी रक्तपेशींची काच नळाच्या साध्या पाण्याने धुतली. पाण्याने पेशी फुगल्या आणि एरवी गुंतवळ होऊन बसणारी गुणसूत्रे सुटी झाली. रक्तपेशींना विभाजनास प्रवृत्त करणारा अर्कही त्यांनीच ओळखला. तो निघतो आपल्या राजम्याच्या दाण्यांतून. १९६० साली नॉवेल आणि डेव्हिड हंगरफोर्ड यांना एका विशिष्ट जातीच्या जुनाट ल्युकेमियाच्या रुग्णांत पुन्हा पुन्हा एक खुरटे गुणसूत्र आढळले. त्याला त्या शहराचे नाव मिळाले. एका कर्करोगाशी एकाच गुणसूत्राची खूण जोडली गेल्याचा हा पहिला दाखला.

ते खुरटलेले का, याचा उलगडा १९७३ साली शिकागोच्या जॅनेट राउली यांनी केला. चार मुलांच्या या आईने गुणसूत्रांची छायाचित्रे घरच्या जेवणाच्या टेबलावर कात्रीने कापून जुळवली. मुलांना वाटे, आई कागदी बाहुल्यांशी खेळते आहे. पट्टे उठवणाऱ्या नव्या रंजनपद्धतीमुळे त्यांना दिसले की २२व्या गुणसूत्राचा तुकडा हरवलेला नाही, तो ९व्यावर जाऊन बसला आहे आणि ९व्याचा तुकडा २२व्यावर आला आहे. त्या अदलाबदलीत दोन जनुके एकमेकांना जोडली जाऊन एक नवेच, न थांबणारे प्रथिन तयार होते.

लसीकाग्रंथींच्या कर्करोगाची, लिम्फोमाची, कथाही याच वळणाची. डेनिस बर्किट यांनी १९५८ साली युगांडातील मुलांच्या जबड्यांतील गाठींचे वर्णन केले. त्या पेशींत १९७२ साली १४वे गुणसूत्र लांबलेले दिसले, आणि हा वाढीव तुकडा ८व्याचा असल्याचे १९७६ साली ठरले. १९८२ साली खरी मेख कळली. पेशीची वाढ चालवणारे एक जनुक ८व्यावरून उचलले जाऊन १४व्यावर अशा जागी पडते, जेथे प्रतिपिंडे बनवण्याचे काम अखंड चाललेले असते. आपल्याकडील लूमचे बटण दिवसरात्र दाबून धरावे, तसा हा प्रकार.

येथे थोडे थांबून एक गोष्ट स्पष्ट सांगणे मला अगत्याचे वाटते. ‘गुणसूत्रांतील दोष’ हे शब्द अहवालात वाचले की आपल्या समाजात घरावर छाया पडते. रोग बापाला, आणि स्थळे परत जातात मुलीची. वर सांगितलेल्या अदलाबदली जन्मतः नसतात. आयुष्यात केव्हातरी अस्थिमज्जेतील वा लसीकाग्रंथीतील एका पेशीत त्या घडतात, आणि तिच्याच वंशजांत राहतात. बीजपेशींत त्या नसल्यामुळे पुढच्या पिढीकडे जात नाहीत. काही थोड्या घराण्यांत रक्ताच्या कर्करोगाचा कल वारशाने येतो हे खरे, पण तो प्रकार वेगळा आणि विरळा. आनुवंशिक आणि जनुकीय या दोन शब्दांतील हा भेद शाळेतच शिकवला जावा.

ज्ञान झाले तरी औषध व्हावयास वेळ लागतोच. शिकागोच्या त्या टेबलापासून १९७३ नंतर २८ वर्षांनी, म्हणजे २००१ साली, त्या न थांबणाऱ्या प्रथिनाला नेमके अडवणारी इमॅटिनिब ही गोळी अमेरिकेत मान्य झाली. पूर्वी काही वर्षांत दगावणारे रुग्ण रोज एक औषध घेऊन कामाला जाऊ लागले. पण मूळ कंपनीच्या गोळीचा महिन्याचा खर्च तेव्हा लाखाच्या घरात होता, आणि भारतीय कंपन्यांनी बनवलेलीचा त्याच्या दशांशाच्या आसपास. या औषधाच्या स्फटिकरूपावर एकस्व मागणारा नोव्हार्टिस कंपनीचा दावा सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी फेटाळला. संशोधनाला मोबदला मिळू नये असे कोणी म्हणणार नाही. तरीही ज्या रोगाने टाटांच्या घरचे माणूस नेले, त्याचे औषध गिरणीकामगाराच्या घरी पोहोचले ते या निकालामुळे, असे माझे मत आहे.

परळलाही काम थांबले नव्हते. १९८३ साली डॉ. सुरेश अडवाणी यांनी तेथे देशातील पहिले अस्थिमज्जा प्रत्यारोपण केले. रुग्ण नऊ वर्षांची मुलगी, मज्जा तिच्या भावाची. अहमदाबादेस १९७२ साली कर्करोग संशोधन संस्था निघाल्यावर गुजरातच्या रुग्णांना प्रत्येक वेळी मुंबईची गाडी धरण्याचे कारण उरले नाही. संशोधन केंद्र २००२ साली खारघरला गेले. कमलताई त्याच्या आदल्या वर्षी, २००१ साली, निवर्तल्या. इमॅटिनिब मान्य झाली तेच हे वर्ष.

त्यांनी मुंबईत रुजवलेली काचेच्या भांड्यात पेशी वाढवण्याची विद्या आज उपचारच होऊन बसली आहे. रुग्णाच्याच रक्तातील पांढऱ्या पेशी काढायच्या, त्यांत नवे जनुक घालायचे, त्या वाढवायच्या आणि कर्करोग ओळखण्यास शिकवून परत सोडायच्या. पवईची भारतीय तंत्रज्ञान संस्था आणि टाटा स्मारक केंद्र यांनी मिळून घडवलेल्या अशा पहिल्या भारतीय उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली. इतर उपायांना न जुमानणाऱ्या काही जातींच्या लिम्फोमा आणि ल्युकेमियासाठी तो आहे. परदेशाच्या मानाने त्याचा खर्च सुमारे दशांश आहे. पण हा दशांशही लाखांतच मोजावा लागतो.