एडिथ कॅव्हेल : पाळकाघरची परिचारिका

लंडनमध्ये ट्रॅफल्गार चौकापासून जवळच, सेंट मार्टिन्स प्लेस येथे, एका परिचारिकेचा संगमरवरी पुतळा उभा आहे. काही वर्षांपूर्वी कन्येकडे गेलो असता आम्ही त्यासमोर बराच वेळ थांबलो. स्मारकावर 'राजासाठी व देशासाठी' या अर्थाचे शब्द आहेत. तर खाली, केवळ देशभक्ती पुरेशी नाही, कोणाविषयीही द्वेष वा कटुता बाळगता कामा नये, अशा आशयाचे त्या स्त्रीचे स्वतःचे उद्गार. एकाच दगडावर दोन परस्परविरोधी वचने! पुढे वाचनात आले की पुतळ्याचे अनावरण १९२० साली राणी अलेक्झांड्रा यांच्या हस्ते झाले, तेव्हा हे दुसरे वचन तेथे नव्हतेच. महिलांच्या राष्ट्रीय परिषदेच्या आग्रहावरून १९२४ साली ते कोरण्यात आले.

त्या परिचारिकेचे नाव एडिथ कॅव्हेल. आमच्या सीमाभागातील जुन्या मंडळींना परिचारिका म्हटले की मिरजेचे मिशन इस्पितळ आठवते. रुग्णसेवा आणि उपासना ही एकाच व्रताची दोन अंगे मानणाऱ्या सिस्टरबाई तेथे अनेकांनी पाहिल्या आहेत. एडिथ त्याच कुळातली, मात्र धर्मप्रसारासाठी ती कोठे गेली नव्हती.

इंग्लंडच्या नॉर्फोक परगण्यातील स्वार्डस्टन या खेड्यात ४ डिसेंबर १८६५ रोजी तिचा जन्म झाला. वडील फ्रेडरिक कॅव्हेल हे त्या गावच्या चर्चचे पाळक; पंचेचाळीस वर्षे त्यांनी ती सेवा केली. राहते घर त्यांनी स्वखर्चाने बांधले व त्यापायी संसार कायमचा ओढगस्तीत आला. तरीही रविवारच्या जेवणातील वाटा गावातील गरिबांकडे गेल्यावाचून राहत नसे. मुलांच्या रविवारच्या धर्मशिक्षणासाठी गावात जागा नव्हती. एडिथने थेट नॉर्विचच्या बिशपांना पत्र लिहिले. गावाने काही रक्कम उभारल्यास आपण मदत करू, असे उत्तर आले. मग एडिथ व तिची बहीण लिलियन यांनी हाताने चित्रकार्डे रंगवून विकली आणि सुमारे तीनशे पौंड जमा केले. सरकारी अनुदानाची प्रकरणे आयुष्यभर हाताळल्यामुळे असेल, आम्हांला या मुलीचे फार कौतुक वाटते.

तिला परिचारिका केले ते कुटुंबाने. ब्रसेल्समध्ये एका घरी मुलांची शिक्षिका म्हणून ती पाच वर्षे होती. १८९५ साली वडील आजारी पडले म्हणून ती परतली, त्यांची शुश्रूषा केली आणि त्या दिवसांतच हाच आपला मार्ग असे तिने ठरविले. वय तीस! पुढच्या वर्षी ती लंडन हॉस्पिटलमध्ये शिकाऊ म्हणून दाखल झाली. १८९७ च्या मेडस्टन येथील विषमज्वराच्या साथीतील कामाबद्दल तिला पदकही मिळाले.

१९०७ साली डॉ. आंत्वान दपाज यांनी ब्रसेल्समध्ये परिचारिकांची शाळा काढली व तिला प्रमुख नेमले. त्या देशात रुग्णसेवा जोगिणींच्या हाती होती. डॉक्टरांना हवे होते ते धर्मसंस्थेबाहेरचे, शास्त्रशुद्ध शिक्षण. गंमत अशी की ते उभारायला मिळाली ती एका पाळकाची निष्ठावंत कन्या. शिस्तीत ती कमालीची कडक होती.

१९१४ च्या उन्हाळ्यात ती नॉर्विचला विधवा आईकडे आली होती. बागेत तण काढीत असता युद्धाची वार्ता आली. आईजवळ राहणे सोपे होते. ती ब्रसेल्सला परतली. २० ऑगस्टला जर्मन सैन्य शहरात शिरले. जखमी कोणत्याही बाजूचा असो, शुश्रूषा सारखीच, असे तिने परिचारिकांना बजावले. नोव्हेंबरात दोन इंग्रज सैनिक आश्रयाला आले. त्यांना तिने ठेवून घेतले, आणि मग रीघच लागली. वर्षभरात सुमारे दोनशे जणांना तिच्या मदतीने हॉलंडकडे निसटता आले. या जाळ्यातून गुप्त माहितीही जात असे, याची कागदपत्रे २०१५ साली पुढे आली. मात्र त्यात तिचा स्वतःचा भाग किती, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही.

५ ऑगस्ट १९१५ रोजी तिला अटक झाली. येथे आम्हांला थोडे थांबावेसे वाटते. महसूल खात्यात आमचे अर्धे आयुष्य जबाब नोंदविण्यात व तपासण्यात गेले. तिचा जबाब फ्रेंचमध्ये घेतला गेला, नोंदविला गेला जर्मनमध्ये, आणि तिने त्यावर सही केली. सैनिकांना मदत केली हे तर तिने सांगितलेच. शिवाय इंग्लंडला सुखरूप पोचल्यावर त्यांतील काहींनी आपल्याला आभाराची पत्रे पाठविली, हेही कबूल केले. सैनिक शत्रूच्या देशात पोचले याचा पुरावाच तिने हाती दिला आणि गुन्हा देहान्ताच्या कलमात बसला. काही चरित्रकार याला भोळेपणा म्हणतात. आम्हांला तसे वाटत नाही. भोळा माणूस वर्षभर दोनशे सैनिक लपवू शकत नाही. कृतीत जोखीम पत्करणे आणि विचारले असता खोटे बोलणे या तिच्या लेखी वेगळ्या गोष्टी होत्या. स्वार्डस्टनच्या पाळकाघरचे वळण आम्हांला दिसते ते येथे.

७ व ८ ऑक्टोबरला पस्तीस जणांवर खटला चालला. वकिलाची भेट प्रथम न्यायालयातच झाली. पाच जणांना देहदंड सांगितला गेला, पण अंमल झाला तो तिच्यावर व फिलिप बोक या वास्तुशिल्पज्ञावर. अमेरिकन व स्पॅनिश वकिलातींनी रात्री उशिरापर्यंत रदबदली केली. उपयोग झाला नाही.

तुरुंगात तिच्यापाशी थॉमस अ केंपिस याचा ख्रिस्तानुकरणावरील ग्रंथ होता; त्यात तिने खुणा केल्या आहेत. (परिव्राजक विवेकानंद गीतेबरोबर हाच ग्रंथ जवळ बाळगीत. १८९२ साली ते आमच्या बेळगावात उतरले होते, हे वाचकांस ठाऊक असेलच.) अखेरच्या रात्री स्टर्लिंग गॅहन हे धर्मगुरू कोठडीत आले व तिला प्रभुभोजन दिले. तुरुंगातील दहा आठवडे म्हणजे आपल्याला लाभलेली विश्रांतीच, असे ती त्यांना म्हणाली. पुतळ्यावरचे ते उद्गार याच भेटीतले. आपल्या परिचारिकांना तिने आधी पत्र लिहून ठेवले होते : मी कधी फार कठोर झाले असेन, पण तुम्हांला वाटते त्याहून माझे तुमच्यावर प्रेम होते. १२ ऑक्टोबरच्या पहाटे तिला गोळ्या घालण्यात आल्या.

पुढचा इतिहास तिच्या हातचा नव्हता. तिचे चित्र भिंतीभिंतींवर झळकले, सूड घ्या म्हणून सैन्यभरती वाढली. द्वेष नको म्हणणारीच्या नावावर द्वेषाची केवढी उचल झाली! १९२४ ची ती ओळ कोरायला नऊ वर्षे का लागली, याचे उत्तर आम्हांला येथे सापडते.

युद्ध संपल्यावर, मे १९१९ मध्ये, तिचे अवशेष मायदेशी आणले गेले. वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये प्रार्थना झाली, पण दफन नॉर्विचच्या कॅथीड्रलच्या आवारात झाले. स्वार्डस्टन तेथून चार-पाच मैलांवर आहे. आई मात्र हे पाहायला उरली नव्हती. ती आदल्याच वर्षी वारली होती.