बोरघाटातला पहिला तास

आजचा भाग तुमच्यातले बरेच जण एक्सप्रेसवेवरच ऐकत असतील, म्हणजे खालापूर टोलच्या रांगेत नाहीतर खंडाळ्याच्या चढावर. गाडी तुम्ही स्वतः चालवत असाल तर फोनला हात लावू नका, नुसतं ऐका. विषयच तसा आहे. या घाटात कुणी जखमी झालं तर त्याला नेतात कुठे, आणि हे 'कुठे' ठरलं कसं?

घाट तसा जुनाच. १० नोव्हेंबर १८३० ला गव्हर्नर जॉन माल्कमने बोरघाटातला गाडीरस्ता खुला केला. मग रेल्वे आली. १८५६ ला काम सुरू झालं आणि १८६३ मध्ये गाडी घाट चढली. ते काम ऐन भरात असताना, १८६१ च्या आसपास, ४२ हजारांवर मजूर घाटात राबत होते. त्यातले साधारण २५ हजार दगावले असं सांगितलं जातं. हा अंदाज आहे, आणि त्यात सुरुंगाने, दरडीने मेलेल्यांपेक्षा पटकी-तापाने गेलेले बहुधा जास्त असतील. खुद्द कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये भारतात आल्यावर काही आठवड्यांतच वारला आणि काम त्याच्या बायकोने, अ‍ॅलिसने, पुढे नेलं. तिचं नाव आज सगळीकडे कौतुकाने घेतलं जातं. मजुरांची नावं मात्र कुणी लिहूनच ठेवली नाहीत.

तिसरा रस्ता म्हणजे आपला एक्सप्रेसवे. कळंबोली ते देहूरोड, ९४.५ किलोमीटर, २००२ मध्ये पूर्ण सुरू झाला. त्याचा मोठा तुकडा खालापूर तालुक्यातून जातो. पण पूर्ण व्हायच्या आधीच त्याने एक मोठं माणूस नेलं. १२ फेब्रुवारी २००१ ला भाताण बोगद्याजवळच्या अपघातात भक्ती बर्वे गेल्या. 'ती फुलराणी'तली मंजुळा आठवत नसेल तर घरी आईला विचारा. तेव्हा १०८ नव्हतं. रुग्णवाहिका बोलवायची तर कुणाच्या तरी ओळखीने, नाहीतर जी गाडी थांबेल तीच रुग्णवाहिका.

आता जरा लांब जाऊ या. जखमींना गंभीरतेप्रमाणे वेगळं करायचं आणि लढाई चालू असतानाच उचलून न्यायचं, ही पद्धत बसवली नेपोलियनच्या सैन्यातला सर्जन दॉमिनिक लारे याने. हुद्दा बघायचा नाही, जखम बघायची. कोरियाच्या युद्धात जखमी थेट हेलिकॉप्टरने पुढच्या तंबू-हॉस्पिटलात जाऊ लागले. आणि मग १९६६ मध्ये अमेरिकेत एक अहवाल आला, ज्याने अपघाती मृत्यूला चक्क 'दुर्लक्षित रोग' म्हटलं. बाल्टिमोरचा सर्जन अ‍ॅडम्स काउली 'गोल्डन अवर' म्हणजे पहिल्या तासाबद्दल सतत बोलायचा. गंमत अशी, की नेमकी साठ मिनिटं हा आकडा कुठल्याही काटेकोर मोजणीतून आलेला नाही. पण लक्षात राहणारा होता, म्हणून राहिला. आपल्या मोटार वाहन कायद्यातही आता 'गोल्डन अवर'ची व्याख्या आहे!

१९७६ हे वर्ष या गोष्टीत दोनदा येतं. फेब्रुवारीत जेम्स स्टायनर नावाच्या हाडांच्या डॉक्टरचं छोटं विमान नेब्रास्कात शेतात कोसळलं. बायको जागीच गेली, मुलं जखमी. छोट्या गावच्या हॉस्पिटलात मुलांना मिळालेले उपचार बघून तो हादरला. यातून पुढे जगभरच्या डॉक्टरांना शिकवला जाणारा क्रम तयार झाला. आधी श्वासाची वाट मोकळी आहे का, मग श्वास, मग रक्ताभिसरण, मग मेंदूची शुद्ध, मग अंग उघडं करून लपलेल्या जखमा. दिसायला भयानक असलेला मोडका पाय आधी नाही! त्याच वर्षी अमेरिकन सर्जनांच्या संघटनेने हॉस्पिटलांच्या पायऱ्या ठरवायला सुरुवात केली, म्हणजे कुठल्या लेव्हलला कुठला डॉक्टर, कुठलं ऑपरेशन थिएटर, कोण चोवीस तास हजर.

भारतात हे महामार्गांवरून आलं. अकराव्या पंचवार्षिक योजनेत (२००७ ते २०१२) सुवर्ण चतुष्कोनासारख्या रस्त्यांवरची १४० हॉस्पिटलं निवडायची ठरली. आपली उतरंड अशी. लेव्हल वन म्हणजे मेडिकल कॉलेजसारखं मोठं हॉस्पिटल, जिथे सगळं होतं. लेव्हल टूमध्ये बहुतेक गंभीर जखमांवर पक्के उपचार. लेव्हल थ्री म्हणजे जिल्हा किंवा तालुक्याचं हॉस्पिटल, जिथे पेशंट स्थिर करायचा, गरज पडली तर जीव वाचवणारी शस्त्रक्रिया करायची आणि पुढे पाठवायचं. आणि लेव्हल फोर? ती इमारतच नाही. ती सुसज्ज रुग्णवाहिका आणि तिच्यातली माणसं. मला ही पायरी सगळ्यात आवडते, कारण तिने कागदावर तरी मान्य केलं, की उपचार हॉस्पिटलच्या दारात नाही, रस्त्यावर सुरू होतात.

योजनेचं सूत्र होतं: दर १०० किलोमीटरला एक ट्रॉमा सेंटर, कुणाही जखमीला ५० किलोमीटरपेक्षा जास्त न्यावं लागू नये. आता नकाशा उघडा. खोपोलीहून कामोठे-नवी मुंबईची मोठी हॉस्पिटलं पस्तीस-चाळीस किलोमीटर. पलीकडे, घाटावर, मावळात ओझर्ड्याला ट्रॉमा सेंटर आहे. सूत्र पाळलं गेलं की! पण शनिवारी सकाळी अमृतांजन पुलाच्या जागेजवळ गाड्या तासभर हलत नाहीत, तेव्हा ते चाळीस किलोमीटर किती होतात? फूटपट्टी अंतर मोजते, रक्त वेळ मोजतं. माझ्या मते या भागाचा सगळा प्रश्न एवढाच आहे.

मधल्या काळात काही बदललंही. १९८९ मध्ये सुप्रीम कोर्टाने परमानंद कटारा खटल्यात सांगितलं, की सरकारी असो वा खासगी, डॉक्टरने आधी जीव वाचवायचा, पोलिसी सोपस्कार नंतर. त्यामागे एका स्कूटरवाल्याची बातमी होती. जवळच्या हॉस्पिटलने 'पोलीस केस' म्हणून त्याला दुसरीकडे पाठवलं आणि तो वाटेतच गेला. २०१४ मध्ये महाराष्ट्रात १०८ आलं, ९३७ रुग्णवाहिका, प्रत्येकीत डॉक्टर. २०१६ मध्ये एक्सप्रेसवेवर १५१ माणसं मेली. त्याच वर्षी सेव्हलाइफ फाउंडेशन, रस्ते विकास महामंडळ आणि पोलीस यांनी मिळून 'झिरो फेटॅलिटी' मोहीम सुरू केली. २०१९ पर्यंत आकडा ९२ वर आला. कमी झाला, पण ९२ म्हणजे तरी भरलेल्या दोन एसट्याच.

आणि १४ ऑगस्ट २०२२ ला पहाटे माडप बोगद्याजवळ विनायक मेटेंची गाडी धडकली. मराठा आरक्षणाच्या बैठकीला मुंबईला निघाले होते. कामोठ्याच्या हॉस्पिटलात नेल्यावर मृत घोषित केलं. मदत किती वेळात पोचली यावरून राज्यभर वाद पेटला. आमदारकी भूषवलेल्या माणसाच्या वेळी जो प्रश्न विचारला गेला, तो टेम्पोच्या क्लीनरच्या वेळी कोण विचारतो?

खालापूरकरांनी याचं उत्तर सरकारची वाट न बघता शोधलं होतं. खोपोलीत 'अपघातग्रस्तांच्या मदतीला' नावाचा ग्रुप आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज पडला की पोरं निघतात. पत्रा कापायला, दरीत उतरायला, जखमीला वर घ्यायला. यशवंती हायकर्सचे गिर्यारोहकही असतात. १५ एप्रिल २०२३ ला पहाटे जुन्या घाटात, शिंग्रोबाच्या देवळाजवळ, गोरेगावच्या ढोलताशा पथकाची बस दरीत कोसळली. १३ जण गेले, बहुतेक कोवळी पोरं. अंधारात दोर लावून जखमींना वर काढणाऱ्यांत ही स्थानिक माणसं होती. ज्या धनगराने साहेबांना घाटाची वाट दाखवली अशी आख्यायिका आहे, त्याच्याच देवळापाशी. लेव्हल फोरच्या खाली एक पायरी असते आणि ती कुठल्याच सरकारी तक्त्यात नाही, हे तिथे कळतं.

तीनच महिन्यांनी, १९ जुलैच्या रात्री, इर्शाळवाडीवर दरड आली. चौकजवळ, एक्सप्रेसवेपासून हाकेच्या अंतरावर, पण वाडीला रस्ताच नाही. पावसामुळे हेलिकॉप्टर उडेना. रुग्णवाहिका पायथ्याशी उभ्या, आणि जखमी माणूस चिखलातून खांद्यावर खाली. चढून जाताना अग्निशमन दलाच्या एका अधिकाऱ्याचा हृदयविकाराने मृत्यू झाला. २७ मृतदेह सापडले, ५७ जण बेपत्ता राहिले. हायवे डोळ्यांसमोर ठेवून आखलेली उतरंड डोंगरावर चढत नाही. कर्जतच्या बाजूला, खांडस-कशेळेकडच्या वाड्यांमधून पावसाळ्यात आजाऱ्याला झोळी करून आणावं लागतं, त्यांना हे नव्याने सांगायची गरज नाही.

म्हणून 'इथे एक मोठं सुपर हॉस्पिटल हवं' ही मागणी मला तितकीशी पटत नाही. ते पनवेलकडे आहेच. हवंय ते मधलं. कर्जतचं उपजिल्हा रुग्णालय किंवा खोपोली, कुठेतरी रात्री तीन वाजता सर्जन, भूल देणारा डॉक्टर आणि रक्त, तिन्ही एकाच वेळी हजर. पाटी लावून होत नाही हे, पगार द्यावे लागतात.

तोवर तुमच्या हातातलं सांगतो. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४ अ आलं. चांगल्या हेतूने मदत करणाऱ्यावर दिवाणी-फौजदारी जबाबदारी येत नाही, नाव सांगायची सक्ती नाही, हॉस्पिटल तुम्हाला अडकवून ठेवू शकत नाही. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा, आणि सारखं उचलून बघू नका. मानेला मार वाटत असेल आणि गाडीला आग वगैरे नसेल, तर ओढून बाहेर काढू नका. १०८ लावलात की 'एक्सप्रेसवेवर आहे' एवढंच सांगून भागत नाही. कडेच्या पाटीवरचा किलोमीटर वाचा, आणि गाडी मुंबईकडे जाणाऱ्या बाजूला आहे की पुण्याकडे, ते आधी सांगा. चुकीच्या बाजूला आलेल्या रुग्णवाहिकेला वळायला पुढचा एक्झिट गाठावा लागतो.