विटेचा दगड

कोकणातला जांभा, कर्नाटकच्या किनाऱ्यावरचा जंबिट्टिगे आणि केरळातला वेट्टुकल्लू हा एकच दगड. भूशास्त्राच्या पुस्तकांत त्याला 'लॅटेराइट' म्हणतात. हे नाव लॅटिन असले तरी ते घडले मलबारमध्ये, आणि तेही भाषांतरातून.

टिपूच्या पाडावानंतर ईस्ट इंडिया कंपनीने फ्रान्सिस बुकानन या स्कॉटिश डॉक्टरला म्हैसूर, कानडा आणि मलबारच्या पाहणीवर धाडले. 1800 सालाच्या अखेरीस तो आजच्या केरळातल्या अंगाडिपुरमला पोहोचला. तिथे त्याने माणसे जमिनीतून दगड कापून काढताना पाहिली. जमिनीत असेपर्यंत हा दगड इतका मऊ असतो की साध्या लोखंडी हत्याराने त्याचे चौकोनी ठोकळे पडतात. बाहेर काढून हवा लागली की तो विटेसारखा टणक होतो. इथल्या अनेक बोलींत त्याला 'इटिका कल्लू', म्हणजे विटेचा दगड, म्हणतात, अशीही नोंद बुकाननने केली. 1807 साली लंडनमध्ये छापलेल्या प्रवासग्रंथात त्याने या दगडाला शास्त्रीय नाव सुचवले, ते लॅटिनमधल्या 'लाटेर', म्हणजे वीट, या शब्दावरून. पुढे शास्त्राने नाव ठेवले, पण ते मुळात कोणाच्या तोंडचे होते हे मागे पडले.

यातला 'इटिका' आपल्याला परका नाही. संस्कृत 'इष्टका'पासून कानडीत 'इट्टिगे' झाले आणि मराठीत 'वीट'. 'जंबिट्टिगे'च्या पोटात ती वीट अजून आहे. मल्याळमने मात्र दगडाकडे कारागिराच्या हातातून पाहिले: 'वेट्टु' म्हणजे कापणे. मराठीतला 'चिरा'ही कानाला 'चिरणे'च्या जवळचा वाटतो. चिरा म्हणजे घडवलेला, चौकोनी दगड. त्यावरूनच वाडा चिरेबंदी झाला. कोकणात मात्र चिरा म्हटले की जांभ्याचाच ठोकळा डोळ्यांपुढे येतो आणि तो जिथून निघतो ती चिरेखाण.

या नावांत खरे ज्ञान आहे. जांभा लाव्हा थंड होऊन थेट तयार झालेला नाही. उष्ण हवेत, मुसळधार पावसात मूळ खडक कुजतो. सिलिका आणि क्षार पाण्याबरोबर निघून जातात; लोह आणि ॲल्युमिनियमची संयुगे मागे उरतात. म्हणून मूळचा खडक कोकणात बेसॉल्ट आणि मलबारात नाइस असूनही दोन्हीकडे जांभा होतो. वाळताना त्यातली लोहाची संयुगे घट्ट होतात आणि दगड कठीण बनतो. कापणाऱ्याला हे रसायन ठाऊक नव्हते, पण दगड केव्हा कापायचा आणि किती दिवस वाळू द्यायचा हे ठाऊक होते.

ते ज्ञान सुटले की काय होते, हे जुन्या गोव्यात दिसते. बॉम जेझू बासिलिकेचे बांधकाम 1594 ते 1605 या काळात झाले. तिच्या जांभ्याच्या भिंतींवर चुन्याचा गिलावा होता. जांभा सच्छिद्र असतो, पाणी शोषतो. पावसाळ्यात गिलावा हे त्याचे कवच. विसाव्या शतकाच्या मध्याला तो काढून टाकला गेला, आणि लालसर उघडी भिंत हेच बासिलिकेचे खरे रूप, असे लोकांच्या मनात ठसले. तेव्हापासून पाऊस थेट दगडावर पडतो आहे. गिलावा पुन्हा चढवावा की नाही, यावर अलीकडे गोव्यात बरीच चर्चा झाली. एका बाजूला दगडाची गरज आहे, दुसऱ्या बाजूला दोन पिढ्यांच्या डोळ्यांना झालेली सवय.

अंगाडिपुरम आज राष्ट्रीय भूवारसा स्थळ आहे आणि तिथे बुकाननची आठवण राखली जाते. ते रास्तच आहे. त्याने नीट पाहिले आणि ऐकलेला शब्द लिहून ठेवला. पण भाषांतरकाराचे नाव मुखपृष्ठावर यावे आणि मूळ लेखकाचे गळावे, तसे इथे झाले आहे. तो शब्द ज्यांनी बुकाननला सांगितला, त्यांच्यापैकी एकाचेही नाव आपल्यापर्यंत पोहोचलेले नाही. 'लॅटेराइट' उच्चारताना त्यामागचा 'इटिका कल्लू' ऐकू यावा, एवढे ऋण आपण फेडू शकतो.