देवमाशाचे तेल आणि सोलापूरचे ऊन

१/ सोलापुरात उन्हाळ्यात पारा ४० अंशांपलीकडे गेला की एखादी जुनी ऑटोमॅटिक एसयूव्ही चढावर अडखळते. इंजिन गर्जते, गाडी मात्र वेग घेत नाही. अनेकदा या दुखण्याचे मूळ गिअरबॉक्सच्या तेलात असते.

२/ १९०५ मध्ये जर्मन अभियंता हेर्मान फ्योटिंगर यांनी जहाजांसाठी द्रवाद्वारे शक्ती पोहोचवणाऱ्या यंत्रणेचे पेटंट घेतले. त्याच तत्त्वाच्या आधारे जनरल मोटर्सचा ‘हायड्रामॅटिक’ गिअरबॉक्स १९४० च्या ओल्ड्समोबाईल मोटारींत आला. क्लचचे पेडल नाहीसे झाले.

३/ येथे तेल केवळ वंगण नसते. तेच शक्ती वाहते, दाबाने गिअर बदलते आणि उष्णता बाहेर नेते. क्लचच्या चकत्या धक्का न देता जुळाव्यात, म्हणून अमेरिकेत त्यात स्पर्म व्हेल या देवमाशाचे तेल मिसळत. १९७० मध्ये हा देवमासा तेथील संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत गेला आणि रसायनशास्त्रज्ञांना पर्याय शोधावा लागला.

४/ भारताची वाट निराळी होती. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स स्थापन केली. पुढे या कंपनीच्या पद्मिनीचे गिअर स्टिअरिंगजवळच्या दांड्याने हातानेच बदलावे लागत. चालकांची सवय घडली ती क्लचवर.

५/ ऑटोमॅटिक गाडीला ती सवय पुरत नाही. अतिउष्णतेने तेल लवकर निकामी होते. ते काळे पडून करपट वास येऊ लागला, तर चकत्या जळाल्याचा संशय घ्यावा. तोवर उशीर झालेला असतो. नुसते तेल बदलून जळालेली चकती पूर्ववत होत नाही.