बाइंडिंग (स्कीचे)

उतारावरच्या, म्हणजे आल्पाइन, स्कीइंगमध्ये बूट स्कीला पक्का धरून ठेवणारी आणि पडताना तो वेळेवर सोडणारी यांत्रिक पकड. तिचा पुढचा भाग बुटाचे टोक धरतो आणि पाय पिळला गेला की बाजूला सरकून बूट मोकळा करतो. मागचा भाग टाच दाबून धरतो. शरीर पुढे कोसळले की तो वर उघडतो. प्रत्येक भागात धरणे आणि सोडणे ही दोन्ही कामे एकाच स्प्रिंगच्या ताणावर चालतात, म्हणून हा ताण माणसागणिक ठरवावा लागतो.

पूर्वी बूट चामड्याच्या पट्ट्यांनी किंवा तारेने बांधत. पडल्यावर स्की पायालाच राहून लांब दांड्यासारखी वळे आणि नडगी मोडे. मूळचा नॉर्वेचा व पुढे अमेरिकेत स्थायिक झालेला स्कीपटू याल्मार वाम याचा पाय १९३७ मध्ये मोडला. त्यानंतर त्याने आपोआप सुटणारे बाइंडिंग तयार केले. अशी बाइंडिंगे सर्रास वापरात आल्यावर नडगीचे अस्थिभंग पुष्कळ घटले. गुडघ्याच्या अस्थिबंधांना मात्र त्यांच्याकडून तितके संरक्षण मिळत नाही, कारण गुडघा पिरगळणाऱ्या अनेक पडण्यांत बाइंडिंगला सुटण्याइतका जोर जाणवतच नाही.

सातारा जिल्ह्यातल्या कोरेगावला बर्फ पडत नाही. तरी या जिल्ह्यातून पिढ्यान्‌पिढ्या माणसे सैन्यात जात आली आहेत, आणि लष्कराचे गुलमर्ग येथील हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूल १९४८ मध्ये स्की-शाळा म्हणूनच सुरू झाले. आता हौशी मंडळीही गुलमर्ग आणि औलीला जातात. त्यांतले बहुतेक जण बूट व स्की भाड्याने घेतात. तिथे वजन, उंची, वय आणि स्कीइंगची पद्धत विचारली जाते. त्या उत्तरांवरून बाइंडिंगवरचा स्प्रिंगच्या ताणाचा आकडा ठरतो, म्हणून ती खरी द्यावीत. संकोचाने वजन कमी सांगितले तर स्की साध्या वळणावरही सुटू शकते. फुशारकीने स्वतःला तरबेज म्हटले तर ती सुटायला हवी तेव्हाही पायाला चिकटून राहते.

या आकड्याला स्कीपटू ‘डिन’ म्हणतात. तो काढण्याची पद्धत आयएसओ ११०८८ या आंतरराष्ट्रीय मानकात दिली आहे. कोष्टकात वजनाची ओळ आणि उंचीची ओळ स्वतंत्रपणे पाहतात व दोहोंतली खालच्या आकड्याची ओळ धरतात. समजा, कोरेगावचा एक तरुण ७२ किलो वजनाचा व १६५ सेंटिमीटर उंच आहे. वजनाने तो ६७ ते ७८ किलोच्या ओळीत येतो, पण उंचीने त्याखालच्या. म्हणून खालची ओळ घ्यायची. मग बुटाच्या तळव्याची लांबी मिलिमीटरमध्ये पाहतात. लांब तळव्याला तरफ मोठी मिळते, म्हणून आकडा उतरतो. ३०५ मिलिमीटरच्या तळव्याला या तरुणाचा आकडा साधारण ४ च्या आसपास येईल, पण तो सौम्य उतारावर हळू, सावधपणे जाणारा असेल तरच. मध्यम पद्धतीच्या स्कीपटूसाठी एक ओळ पुढे जातात, वेगाने तीव्र उतार उतरणाऱ्यासाठी दोन. म्हणजे त्याच शरीराला ६ च्या आसपासचा आकडा लागू शकतो. वय पन्नास किंवा अधिक असेल तर एक ओळ मागे येतात.

पहिल्यांदा बर्फावर जाणाऱ्याने, तो कितीही काटक असो, पहिलीच, म्हणजे सावध पद्धत सांगावी. डोंगर चढायची सवय असली म्हणजे स्की वळवता येते असे नाही. खरा मोह पुढे, गुलमर्गला कोंगदूरीच्या वर अफरवटच्या खोल भुसभुशीत बर्फात होतो. तिथे सुटलेली स्की बर्फाखाली दडते आणि शोधताना दमछाक होते, म्हणून काही जण आकडा वाढवतात. हे धोक्याचे आहे. स्की वारंवार सुटत असेल तर आधी तळव्याला चिकटलेला बर्फ काढावा व टाचेचा पुढे रेटणारा दाब तपासून घ्यावा. बहुधा दोष तिथेच सापडतो.

विकत घेताना आपला आकडा बाइंडिंगच्या मापपट्टीच्या मधोमध येईल असे पाहावे. ५ लागणाऱ्याला ३ ते १० ची पट्टी पुरते. ६ ते १६ ची शर्यतीची बाइंडिंगे त्याच्यासाठी जड आणि महागच नव्हेत, तर निरुपयोगी आहेत, कारण ५ वर ती लावताच येत नाहीत. मुलांसाठी ०.७५ पासून सुरू होणारी मिळतात. सुटलेली स्की थांबवणाऱ्या ब्रेकची रुंदी स्कीच्या कमरेपेक्षा, म्हणजे मधल्या अरुंद भागापेक्षा, थोडी जास्त हवी. कमी असेल तर ब्रेक खाली उतरतच नाहीत आणि सुटलेली स्की उतारावरून दुसऱ्या कोणावर जाऊन आदळू शकते.

बुटाचा तळवाही जुळावा लागतो. जुना सपाट आल्पाइन तळवा, चालायला सोपा वक्र ग्रिपवॉक तळवा आणि चढाईच्या बुटांचा तळवा यांची मापे वेगवेगळी आहेत. प्रत्येक बाइंडिंग तिन्ही धरत नाही; कोणते धरते ते त्यावर किंवा माहितीपत्रकात लिहिलेले असते. बूट बदलला की आकडा व टाचेचा दाब पुन्हा लावून, यंत्रावर तपासून घ्यावा लागतो. डांबरावरून चालून तळव्याचे टोक झिजले असेल तरीही तेच करावे.