खाडीकांठचीं जुनीं पातीं व त्यांवरील गंज

कल्याण-भिवंडी इ. स. १६५७ मध्यें शिवाजी महाराजांच्या ताब्यांत आलीं व ठाण्याचा कोट मराठ्यांनीं १७३७ त घेतला, हें वाचकांस विदित आहेच. या प्रांतांतील जुन्या घरांतून तरवारी, कट्यारी व शिकारीच्या सुऱ्या अद्यापि आढळतात. उल्हासाच्या खाडीची खारी हवा व चार महिन्यांचा पाऊस हे त्यांचे वैरी होत. ओल व हवा यांच्या योगानें लोखंड गंजतें. मीठ असल्यास तें काम त्वरेनें होतें.

गंजनिवारणास प्राचीन आधार म्हणून कित्येक संग्राहक वराहमिहिराच्या बृहत्संहितेंतील खड्गलक्षणाध्यायाकडे बोट दाखवितात. तेथें उशनसाच्या मतें शस्त्रास रक्ताचें, तुपाचें किंवा जलाचें पाणी द्यावें असें आहे. पुढें रुईचा चीक व केळीचा क्षार यांचेही प्रयोग आहेत. परंतु तो विचार धार टिकण्याचा व पातें न मोडण्याचा आहे, गंजाचा नव्हे. या कामीं पंडितांपेक्षां मुरबाड-शहापुराकडील लांकूडतोड्या अधिक जाणता म्हणावा. त्याचा कोयता कमरेच्या आकडींत उघडा असतो व रोज घासला जातो. आमच्या तरवारी मात्र वर्षभर चामडी म्यानांत कोंडलेल्या! चामडें ओल धरतें, आणि तें कमावतांना राहिलेलीं अम्लें व क्षार पात्यास बाधतात. म्यान व पातें निरनिराळीं ठेवावीं. खोबरेल शिळें झालें कीं त्यांतही अम्ल उत्पन्न होतें. त्यापेक्षां खनिज मेणाचा पातळ हात बरा.

गंजाहून मोठी हानि मात्र खंडेनवमीच्या पूजेच्या आदल्या दिवशीं होते. तरुणपणीं कल्याणांतील एका वाड्यांत शिकारीची एक सुरी आम्हींच चिंच व विटेची पूड लावून लख्ख केली. मुठीजवळ चारपांच अक्षरें होतीं. आरंभीं 'श्री' असावें. घरधनी संतुष्ट झाले. पुढें तीं अक्षरें वाचावयास बसलों, तों वाचण्याजोगें कांहींच उरलें नव्हतें. पोलादाचें जौहरही अशाच घासण्यानें नाहींसें होतें. पोथीवरील धूळ झाडतांना शाई कोणी खरवडीत नाहीं. पात्यावरील लेख तरी एका ओळीचा अस्सल कागदच ना?

सबब प्रथम लेखाचा ठसा व छायाचित्र घ्यावें. सुटा तांबडा गंज तेलानें मऊ करून लांकडी काडीनें अलगद काढावा, व नंतर तेल पुसून टाकावें. घट्ट बसलेला काळा थर तसाच राहूं द्यावा.